अजिंठा-वेरूळच्या वाटेवर खात्रीची माहिती

अजिंठ्याची लेणी दर सोमवारी बंद असतात आणि वेरूळची दर मंगळवारी. छत्रपती संभाजीनगरला येणाऱ्या पर्यटकासाठी याहून उपयोगी माहिती क्वचितच सापडेल. शनिवार-रविवारला सोमवारची रजा जोडून आलेल्या कुटुंबाने रविवारी अजिंठा आणि सोमवारी वेरूळ पाहिले, तर दोन्ही जागतिक वारसास्थळे पदरात पडतात. हाच क्रम उलटा झाला, तर शंभर किलोमीटरचा प्रवास करून बंद फाटकापाशी उभे राहावे लागते. ही माहिती गुप्त नाही. ती वर्षानुवर्षे बदललेलीही नाही आणि शहरातल्या प्रत्येक हॉटेलवाल्याला ती पाठ आहे. प्रश्न एवढाच असतो, की माणूस रेल्वेचे तिकीट काढत असताना ती त्याच्यापर्यंत पोचली का? पोचली तर तिची किंमत पूर्ण सहलीएवढी असते आणि हॉटेलात उतरल्यावर पोचली तर जवळजवळ शून्य. शहराच्या पर्यटक माहिती सेवेचे आधुनिकीकरण या विषयाचा गाभा इथे आहे. नवे संकेतस्थळ, नवे ॲप किंवा काचेची नवी इमारत म्हणजे आधुनिकीकरण नव्हे. माहिती बरोबर असल्याची जबाबदारी कोणीतरी घेणे आणि निर्णयाच्या क्षणी ती माणसाच्या हाती पडणे, हे खरे काम आहे.

आपल्याकडची माहिती केंद्रे ज्या काळात उभी राहिली, त्या काळाला ती साजेशी होती. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना १९७५ ची. अजिंठा आणि वेरूळ या दोन्हींचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १९८३ मध्ये झाला. तेव्हाचा परदेशी पर्यटक बहुधा गटाने येई. त्याचा कार्यक्रम मुंबई-दिल्लीच्या प्रवासी कंपनीने आधीच आखलेला असे आणि सोबत मान्यताप्राप्त गाइड असे. एकटा-दुकटा प्रवासी स्टेशनवर उतरला, की स्टेशन रोडच्या परिसरातल्या सरकारी कार्यालयात जाऊन घडीचा नकाशा, हॉटेलांची यादी आणि सहलीच्या बसचे वेळापत्रक घेई. माहिती दुर्मिळ होती आणि ती मिळण्याची ठिकाणे मोजकी होती. त्यामुळे माणसाने माहितीपर्यंत जावे, ही रीत सगळ्यांनी मान्य केलेली होती. त्या केंद्रांनी त्या काळात चांगली सेवा दिली, हे नाकारण्याचे कारण नाही.

आता येणारा माणूस वेगळा आहे आणि त्याची वाटही वेगळी आहे. लेण्यांना भेट देणाऱ्यांत भारतीयांची संख्या परदेशी पाहुण्यांच्या कितीतरी पट आहे. त्यात स्वतःच्या गाडीने आलेली कुटुंबे आहेत, पावसाळ्यात वाघूर नदीचे धबधबे पाहायला येणारी तरुण मुले आहेत, शाळांच्या सहली आहेत. घृष्णेश्वराच्या ज्योतिर्लिंगाला आलेले आणि जाता जाता कैलास पाहू म्हणणारे भाविक आहेत, अजिंठ्याला श्रद्धेने येणारे बौद्ध उपासक आहेत. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता वापरात आला. या रस्त्याने येणारी गाडी माळीवाड्याला उतरून वेरूळकडे किंवा सावंगीला उतरून अजिंठ्याकडे वळते. शहरातल्या कार्यालयाच्या वाटेला ती जातच नाही. उत्तरेकडून रेल्वेने येणाऱ्याला तर अजिंठ्यासाठी जळगाव स्टेशन जवळचे पडते, जेमतेम साठ किलोमीटर. म्हणजे या शहराची माहिती सेवा ज्यांना हवी, त्यांतले अनेक जण शहराच्या हद्दीत पाऊलही ठेवत नाहीत. शिवाय त्यांचे निर्णय तीन वेगवेगळ्या वेळी होतात. काही घरी बसून, काही वाटेत आणि काही लेण्यांच्या पायथ्याशी. जुने केंद्र या तिन्हींपैकी एकाही जागी नाही.

इथे माहितीचे प्रकार वेगळे करून पाहिले, की कामाचे स्वरूप स्पष्ट होते. पहिला प्रकार स्थिर माहितीचा. बंद असण्याचा वार, तिकिटाचा दर, पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, अजिंठ्याला खासगी गाडी फर्दापूरच्या टी पॉइंटला ठेवून पुढचे चारेक किलोमीटर एसटीच्या बसनेच जावे लागते, बसमधून उतरल्यावर पायऱ्या चढाव्या लागतात, ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली मिळते. गुडघेदुखीने त्रस्त आईला घेऊन निघालेल्या मुलाला यातली शेवटची दोन वाक्ये घर सोडण्यापूर्वी हवी असतात. दुसरा प्रकार बदलत्या माहितीचा. अजिंठ्याकडे जाणाऱ्या जळगाव रस्त्याचे रुंदीकरण कित्येक वर्षे रखडले आणि त्या काळात प्रवासाला किती वेळ लागेल याचा भरवसा उरला नव्हता. श्रावणात शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला आणि सोमवारी घृष्णेश्वराला लोटणारी गर्दी वेरूळच्या रस्त्याचे गणित बदलून टाकते. अतिवृष्टी झाली तर अजिंठ्याच्या घळीतली परिस्थिती तासाभरात पालटते. ही माहिती छापून ठेवता येत नाही. ती रोज, कधी दिवसातून दोनदा, तपासावी लागते. आणि हे काम नेमके कोणाचे, याचे उत्तर आज एका नावाने देता येत नाही. स्मारक पुरातत्त्व खात्याकडे, बस एसटीकडे, रस्ता महामार्ग खात्याकडे, गर्दीचे नियोजन पोलिसांकडे, निवास महामंडळाकडे. प्रत्येकाकडे एक तुकडा आहे आणि ते जोडण्याची जबाबदारी पर्यटकावर पडली आहे.

तिसरा प्रकार अर्थ उलगडणाऱ्या माहितीचा. याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, म्हणून त्यावर जरा थांबायला हवे. अजिंठ्यात ३० लेणी आहेत आणि त्यांना दिलेले क्रमांक घोड्याच्या नालेसारख्या कड्यावरच्या जागेप्रमाणे आहेत. ते काळाप्रमाणे नाहीत. सर्वांत जुनी लेणी, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या शतकांतली ९ आणि १० क्रमांकांची, मधल्या भागात येतात. पद्मपाणीच्या चित्रासाठी प्रसिद्ध असलेले पहिले लेणे त्यांच्यानंतर पाचेकशे वर्षांनी, वाकाटक काळात कोरले गेले. एकपासून चालत सुटलेला माणूस आधी उत्तरकाळ पाहतो, मग आरंभ आणि मग पुन्हा उत्तरकाळ. मूर्ती नसलेल्या स्तूपापासून बुद्धप्रतिमेपर्यंतचा प्रवास त्याच्या डोळ्यांसमोर असूनही त्याच्या ध्यानात येत नाही. ‘आधी दहावे पाहा, मग पहिल्याकडे या’ एवढी एक ओळ त्या भेटीचा अर्थ बदलू शकते. वेरूळची गोष्ट अशीच. ३४ लेण्यांपैकी पहिली बारा बौद्ध, पुढची २९ पर्यंतची हिंदू आणि शेवटची पाच जैन. पण फाटकातून आत शिरताच समोर सोळावे, म्हणजे कैलास येते आणि बरेच जण ते पाहून परततात. उत्तर टोकाची इंद्रसभा, दक्षिणेकडचे विश्वकर्मा लेणे आणि तीन ताल त्यांच्या नकाशातच नसतात. वेरूळचा कडा पश्चिमाभिमुख आहे, म्हणून दुपारनंतरचा प्रकाश लेण्यांच्या आत पोचतो. दोन तास असलेल्याने काय पाहावे, अर्धा दिवस असलेल्याने काय, लहान मुले सोबत असतील तर कुठून सुरुवात करावी, हे इथले जुने गाइड आणि अभ्यासक उत्तम सांगू शकतात. हे ज्ञान आज त्यांच्याजवळ आहे. पण गाइड न घेणाऱ्या बहुसंख्य लोकांपर्यंत ते पोचण्याची सोय नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. सगळे काही मोबाइलवर असताना सरकारने यात का पडावे? पण मोबाइलवरची माहिती आकाशातून पडत नाही. कोणीतरी भरली, तीच तिथे दिसते. नकाशाच्या ॲपमध्ये आज अनेक शहरांच्या बसच्या वेळा दिसतात, त्याचे मूळ अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात आहे. २००५ मध्ये तिथल्या सार्वजनिक वाहतूक संस्थेने आपले वेळापत्रक गूगलला एका ठरावीक मांडणीत उपलब्ध करून दिले. ती मांडणी पुढे जगभर रूढ झाली. पोर्टलंडच्या संस्थेने लोकांना आपल्या दारी बोलावले नाही. लोक आधीच जिथे पाहत होते, तिथे आपली अचूक माहिती पोचवली. आपल्या शहरांनी घ्यायचा धडा हा आहे. आणखी एक ॲप काढून ते लोकांनी उतरवून घ्यावे अशी वाट पाहण्यापेक्षा फर्दापूरच्या बसची वेळ, तिकीट खिडकी बंद होण्याची वेळ, आजची रस्त्याची स्थिती कोणालाही वापरता येईल अशा खुल्या स्वरूपात रोज प्रसिद्ध करावी. ती नकाशांत जाईल, प्रवासी कंपन्यांकडे जाईल, हॉटेलांच्या स्वागतकक्षात जाईल. आता प्रश्न विचारला की उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही आली आहेत. त्यांना दहा वर्षांपूर्वीचा तिकीटदर सापडला, तर तोही ती ताज्या माहितीइतक्याच ठामपणे सांगू शकतात. अशा काळात सरकारी माहिती अद्ययावत नसणे हा पूर्वीपेक्षा मोठा दोष ठरतो, कारण एक चूक हजार ठिकाणी उमटते. शहराचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे बदलले, पण परदेशातली मार्गदर्शक पुस्तके, जुने नकाशे आणि असंख्य संकेतस्थळांवर आधीचेच नाव आहे. कोणत्याही नावाने शोधले तरी माणूस त्याच अचूक पानावर यावा, हेही माहिती सेवेचेच काम आहे.

दुसरा आक्षेप पहिल्याच्या पुढे जातो. माहिती अशी खुली करायची, तर मग खिडकीवर माणूस कशाला ठेवायचा? याला मोठे उदाहरणही आहे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय पर्यटन संस्थेने २०२४ मध्ये आपली उरलेली सर्व २५ माहिती केंद्रे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले. पाहुणे निघण्यापूर्वीच ऑनलाइन ठरवतात, म्हणून तिथेच त्यांना गाठायचे, हे त्यामागचे धोरण. दुसरीकडे जपान उलट्या दिशेने गेला. तिथे राष्ट्रीय पर्यटन संघटना देशभरातल्या माहिती केंद्रांना सेवेच्या दर्जानुसार श्रेणी देऊन प्रमाणित करते. वरच्या श्रेणीतल्या केंद्रात इंग्रजीखेरीज आणखी भाषांत बोलणारा माणूस असावा लागतो. या दोन देशांतला फरक आळस आणि उत्साह यांचा नाही. स्कॉटलंडला येणाऱ्या बहुतेकांना स्थानिक भाषा कळते, पाट्या वाचता येतात. जपानमध्ये परदेशी पाहुण्याला पाटीही वाचता येत नाही, म्हणून माणूस लागतो. आपली स्थिती जपानच्या जवळची आहे. तेलंगणातून किंवा कर्नाटकातून आलेल्या वयस्क भाविकाला मराठी येत नाही आणि इंग्रजीही येत नाही. गर्दीत मूल चुकते, उन्हात भोवळ येते, परतीची शेवटची बस निघून जाते. अशा वेळी माणसाला दुसरा माणूसच हवा असतो. त्यामुळे निष्कर्ष असा, की जिथे कोणी फिरकत नाही ती खिडकी खुशाल बंद करावी. पण तो माणूस फर्दापूरच्या बसथांब्यावर, वेरूळच्या फाटकावर, महामार्गावरच्या विश्रांतीस्थळी आणि जळगाव स्टेशनवर उभा करावा. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची १३६३ ही हेल्पलाइन २०१६ पासून चोवीस तास बारा भाषांत चालते. प्रत्येक तिकिटावर आणि प्रत्येक थांब्यावर हा क्रमांक ठळक छापायला तर फारसा खर्चही येत नाही.

खर्चाचा विषय निघाला म्हणून अजिंठ्याच्या अभ्यागत केंद्राचा विचार करावा लागतो, कारण तिसरा आणि सर्वांत सबळ आक्षेप तिथूनच येतो. जपानच्या अर्थसाहाय्याने राबवलेल्या अजिंठा-वेरूळ संवर्धन आणि पर्यटन विकास प्रकल्पातून फर्दापूरजवळ भव्य केंद्र उभे राहिले. त्यात १, २, १६ आणि १७ या चित्रांनी समृद्ध लेण्यांच्या प्रतिकृती होत्या. कल्पना उत्तम होती. चित्रांचा अर्थ प्रतिकृतीत निवांत समजून घ्यावा, मग मूळ लेण्यात थोडाच वेळ थांबावे, म्हणजे श्वासाच्या दमटपणाने आणि गर्दीने मूळ चित्रांना होणारा त्रास कमी होईल. पण वीज आणि पाण्याची बिले थकली, जोडण्या तुटल्या आणि ते केंद्र दीर्घकाळ बंद पडले. मग सरकारी आधुनिकीकरणावर विश्वास का ठेवावा, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच आहे. त्याचे उत्तर त्या अपयशाच्या कारणातच आहे. तिथे बांधकामाला पैसा होता, रोजच्या चालवण्याला नव्हता. उद्घाटनाच्या दिवशी इमारत पूर्ण होते आणि माहिती सेवेची खरी सुरुवात त्याच दिवशी होते. म्हणून या क्षेत्रात भांडवली खर्च कमी आणि चालू खर्च खात्रीचा, असे अंदाजपत्रक लागते. पाच-दहा प्रशिक्षित माणसांचे पगार दहा वर्षे वेळेवर होणार असतील, तर साध्या पत्र्याच्या शेडखालीही उत्तम केंद्र चालते. ती हमी नसेल, तर संगमरवरी दालनातही पाहुण्याच्या हाती काही लागत नाही.

या सगळ्यातून शहरासाठी एक आटोपशीर व्यवस्था सुचते. जिल्ह्याच्या पातळीवर एकच माहिती कक्ष असावा आणि त्यावर एका अधिकाऱ्याची स्पष्ट नेमणूक असावी. पुरातत्त्व खाते, एसटी, महापालिका, वाहतूक पोलीस, वन विभाग आणि पर्यटन महामंडळ यांनी रोज सकाळी आपापला तपशील त्याला कळवावा. कक्षाने तो तपासून मराठी, हिंदी आणि इंग्रजीत प्रसिद्ध करावा. प्रत्येक माहितीखाली ती शेवटची केव्हा तपासली, ती तारीख आणि वेळ असावी. थांब्यांवर आणि फाटकांवर क्यूआर कोड लावावेत आणि त्याखालीच मोठ्या अक्षरांत साध्या पाट्याही असाव्यात, कारण अजिंठ्याच्या घळीत नेटवर्कवर विसंबून चालत नाही. लेण्यांचे अर्थ सांगणारी छोटी ध्वनिमुद्रणे जाणत्या गाइडांकडून, त्यांना योग्य मानधन देऊन करून घ्यावीत आणि ती घरूनच उतरवून घेता यावीत. अपंग व्यक्तीला कुठवर जाता येईल, स्वच्छतागृह कुठे आहे, बाळाला पाजायला जागा कुठे आहे, हे दुय्यम तपशील समजू नयेत. अनेकांचे निघणे-न निघणे त्यांवरच ठरते. आणि कक्षाचे मूल्यमापन वाटलेल्या माहितीपत्रकांच्या संख्येवर न होता, चुकीची माहिती किती आढळली आणि ती किती वेळात दुरुस्त झाली, यावर व्हावे.

गाइड, रिक्षाचालक आणि टॅक्सीवाले यांच्या पोटावर यामुळे पाय येईल, अशी भीती व्यक्त होते. तिच्याकडे सहानुभूतीने पाहायला हवे, पण ती बरोबर नाही. माहिती लपल्याने फायदा होतो तो कमिशनवर पाहुण्याला एखाद्या दुकानात नेणाऱ्याचा. जाणत्या गाइडला त्याने तोटाच होतो, कारण फसवणुकीच्या भीतीने पाहुणा कोणाशीच बोलत नाही. वार आणि दर ही प्राथमिक माहिती सगळ्यांना आधीच ठाऊक असली, की गाइडकडे माणूस येतो तो चित्रातली जातककथा ऐकायला. तिथे गाइडच्या विद्येला भाव मिळतो. शिवाय पाहुण्याला शहरात भेटणारा पहिला माणूस रिक्षावाला किंवा एसटीचा वाहकच असतो. खरे माहिती केंद्र तेच आहेत. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २०२४ मध्ये ‘पर्यटन मित्र’ आणि ‘पर्यटन दीदी’ हा उपक्रम बोधगया, जोधपूर, ओरछा यांच्यासह सहा ठिकाणी सुरू केला. चालक, हॉटेल कर्मचारी, विक्रेते अशा पाहुण्यांशी थेट संबंध येणाऱ्यांना त्यात प्रशिक्षण दिले जाते. अजिंठा-वेरूळच्या परिसराला हा मार्ग अगदी योग्य आहे.

शेवटचा आक्षेप नागरिकांचा आहे. ज्या शहराला पिण्याच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले, त्याने पाहुण्यांच्या सोयीवर पैसा का घालवावा? पाणी आधीच, याबद्दल दुमत नाही. परंतु इथे सुचवलेला खर्च जलवाहिनीच्या खर्चाशी स्पर्धा करणारा नाही. तो मुख्यतः समन्वयाचा आणि शिस्तीचा खर्च आहे. त्याचा परतावा स्थानिकांनाच मिळतो. वेरूळ आणि बीबी का मकबरा एका दिवसात उरकून निघून जाणाऱ्याला पितळखोऱ्याची लेणी, शहरालगतची औरंगाबाद लेणी, पाणचक्की, पैठणचे माग, हिमरूचे कारागीर यांची माहिती वेळेवर मिळाली, तर तो आणखी एक रात्र राहतो. त्या रात्रीचा पैसा खानावळीत, रिक्षात आणि विणकराच्या घरात जातो. गर्दी एका सोळाव्या लेण्यावर न कोसळता पसरते, हा आणखी एक लाभ.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातले बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत. साल्हेरची चढण, सिंधुदुर्गाची होडी, पावसाळ्यात बंद होणारी सागरी वाट, यांबद्दलचे प्रश्न जगभरातून येऊ लागतील. त्यांना उत्तर देण्याची पद्धत बसवायची, तर ती चार दशकांहून अधिक काळ जागतिक वारसा सांभाळणाऱ्या जिल्ह्यात आधी बसवावी आणि मग सह्याद्रीत न्यावी. त्यासाठी नव्या इमारतीची वाट पाहण्याची गरज नाही. एक कक्ष, एक जबाबदार अधिकारी आणि रोज सकाळी तपासलेले एक पान, एवढ्यावर सुरुवात करता येते. राज्याच्या पर्यटन विभागाने आणि जिल्हा प्रशासनाने ती येत्या हंगामाआधी करावी.